चार पुरुष पाण्यातला मासा

माझ्या डाव्या हाताच्या करंगळीला वरचं पेर नाय. नवीन माणूस इचारतो, कोयता लागला काय? मी हो बोलते नि कामाला लागते. खरं सांगायला बसलं तर बाव येते, मासा येतो, पोरगा येतो, आणि सगळ्याच्या मुळाशी मीच निघते. पण आता माझं वय झालं. सांगायचं राहून जायला नको.

आमचा पाडा शहापुरातून मुरबाडकडं जाताना आत वळलं की लागतो. चौदा घरं, आणि चौदा घरांना एक बाव. बाव म्हंजे विहीर, आमी बाव बोलतो. नळाचे खांब दारात उभे हायत, त्यांना तोट्या पण हायत, पाणी अजून यायचंय. टेकडीवर चढलं की भातसा धरणाचं पाणी दिसतं, उन्हात पत्र्यासारखं. ते मुंबईचं. आमचं ते बावीतलं.

मी लग्न होऊन आली तवा सोळाची असंन. पहिल्याच उन्हाळ्यात सासूनं मला बावीत उतरवलं. पावसाळ्यात, थंडीत आमी वरून शेंदतो. शिमगा झाला की पाणी खाली जातं, आणि चैताच्या शेवटाला तळाच्या कातळात एक खळगी उरते, तेवढ्यात झरा. मंग घरटी पाळी लागते. पाळीची बाई बाहेर आलेल्या दगडांवर पाय देत उतरायची, खळगीत उभी राहून वाटीनं हंडा भरायची, वरच्या बाया दोरानं ओढायच्या. आणि वर्षाची पहिली उतराई पाड्यात नवी आलेल्या सुनेची. तिचे पाय पाण्याला लागले की बाव तिला ओळखते, असं आमच्यात मानतात.

चाळीस उन्हाळे मी उतरली. पोटात पोर होतं तवा उतरली. नवरा गेला त्या वर्षी तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी उतरली, पाळी होती. मंग गुडघे गेले आणि सून उतरायला लागली. तर ती बाव मला वरपासून तळापर्यंत ठाव होती. हे आधीच सांगते, कारण मला ठाव नव्हतं असं मला बोलता येत नाय.

माझा पोरगा मुरबाडच्या अंगाला एका बंगल्यावर माळीकाम करायचा. मालक मुंबईचे, महिन्यातनं दोनदा येणार. त्यांनी हॉलमध्ये भिंतीएवढी काचेची टाकी केलेली, त्यात दोन मासे. आणले तवा बोटाएवढे, अंगावर लाल रेघ. मालक बघायचे फक्त. खायला घालायचं, पाणी बदलायचं ते पोरग्यानं. वर्षात मासे हातभर झाले आणि एकमेकांच्या अंगावर जायला लागले. म्हणून मधी काच टाकली. मंग दोघं दोन्हीकडनं काचेवर धडका द्यायला लागले. मालकिणीला तो आवाज सहन होईना. पुढं त्यांनी बंगलाच विकला, आणि नवीन माणसाला टाकी नको, मासे नको, माळी पण नको.

ज्येष्ठात पोरगा शेवटचा कामावरून आला तो टेम्पोत एक टाकी घेऊन. भिंतीची नाय, ही जुनी, चार फुटांची, पेटीसारखी. आत तो मासा. एकच. दुसऱ्याचं काय झालं ते मी इचारलं नाय.

मी वाकून बघितलं. लाल रेघ गेलेली, अंग काळंनिळं, पोट पांढरं, तोंड चपटं.

"अरे, ही तर मरळ," मी बोलली.

"मरळच, पण आपली नाय. बाहेरची. लय मोठी होते."

मरळ मला काय नवीन? ल्हानपणी आमी भाताच्या खाचरात मरळ धरायचो, डाल्यानं. कोंबड्या झाकायचं बांबूचं डालं, वर हात जाईल एवढं भोक. मासा दिसला की वरनं डालं दाबायचं आणि भोकातनं हात घालून डोक्यामागं धरायचं. मरळ चिवट जीव. पाण्याबाहेर अर्धा दिवस जगते, वर येऊन आपल्यासारखी हवा खाते. बाळंतिणीसाठी आणलेली मरळ आमी मडक्यात आठ दिवस ठेवायचो, गप पडून राहायची.

"मडक्यात राहणारी जात," मी बोलली. "ह्याला ही पेटी म्हंजे राजवाडा."

सून बोलली, "राजवाड्यातला राजा माझ्याकडं बघतोय, आई."

बघत होता खरा. माणूस खोलीत हाललं की तो त्या बाजूला तोंड करायचा. वळताना त्याला अंग विळ्यासारखं वाकवायला लागायचं, शेपूट एका काचेला, तोंड दुसऱ्या. दिवसातनं कितीदा वळायचा कोण मोजणार. पंधरा दिवसांत नाकाचं कातडं गेलं, तिथं पांढरं दिसायला लागलं. सुनेनं एकदा पळीनं वरची घाण काढायला हात नेला. पाणी फुटलं, पळी तिच्या हातातनं गेली. पळी काढली तर दांडा वाकडा.

"माझा हात असता तर?" ती बोलली.

"भुकेला असंल," पोरगा बोलला.

"मी पण भुकेली हाय. मी कुणाला चावलेली बघितली काय?"

आमी हसलो. पण मी गोठ्यात म्हशी बांधल्यात जन्मभर. जिथं म्हशीला वळता येत नाय तिथं बांधली तर ती चार दिवस गप असते, मंग धार काढणारीलाच मारते. माझ्या मनात ते येऊन गेलं.

म्हणून श्रावणात मी पोरग्याबरोबर शहापूरच्या बाजारात गेली. तिथं एक माशांचं दुकान हाय, काचेच्या टाक्या, दिवे, रंगीत खडी. दुकानवाला पोरग्याच्याच वयाचा, चहा पीत बसलेला.

"केवढा हाय मासा?" त्यानं इचारलं.

मी कोपरापासून बोटांपर्यंत दाखवलं, आणि वर आणखी चार बोटं.

"टाकी?"

"चार फुटांची."

त्यानं चहा खाली ठेवला. "आजी, तुमाला ह्या टेबलाखाली राहायला सांगितलं तर राहाल?"

"एक रात राहीन," मी बोलली.

"त्याला रोज राहायचंय. हे बघा, आज केवढा हाय ते बघून टाकी घ्यायची नसते. पुरा वाढल्यावर केवढा होणार ते बघायचं. हा तीन फुटांवर जाणार. लांबी त्याच्या चौपट पायजे, आणि रुंदी एवढी की अंग न वाकवता वळला पायजे. वळता आलं नाय की बिघडतो. आधी नाक घासतो, मंग समोर येईल त्याला चावतो. वर झाकण पायजे, झाकणावर दगड. उडी मारतो हा."

"आणि उंची?" मी इचारलं.

"उंचीचं काय नाय, आजी. दहा फूट उंच नळकांडं केलं तरी त्याला काय? तो उभा राहून पोहतो काय? वळायची जागा किती, एवढंच बघायचं."

पोरगा बोलला, "एवढी टाकी आमच्या घरातच मावायची नाय."

"मंग ज्यानं दिला त्याला परत दे. नायतर कोण मोठी टाकीवाला बघ. पण काय पण कर, नदीबिदीत सोडू नको. हा तिथलं सगळं खाऊन बसंल."

पोरग्यानं मान खाली घातली. मला वाटलं, लाजला.

परत येताना मी इचार करत होती, आणि बाव माझ्याच डोक्यात आली, दुसऱ्या कुणाच्या नाय. आमच्यात बावीत मासे सोडणं वाईट नाय. नवी बाव खणली, जुनी उपसली, की मळ्या माशांची पाच-सात पिल्लं सोडतात. मासा असला की पाणी जितं राहतं, आळ्या होत नायत. माझ्या सासूनं सोडलेले, मी सोडलेले. आता हा एक आणखी. मरळच ती.

आणि आमच्याकडं बाव पुरुषावर मोजतात. हात वर करून माणूस उभा राहिला म्हंजे एक पुरुष. आमची बाव चार पुरुष. कुणाची बाव केवढी इचारलं तर कुणी रुंदी सांगत नाय, पुरुषच सांगतात. मी पण तेच सांगितलं.

"चार पुरुष पाणी हाय," मी पोरग्याला बोलली. "एवढी टाकी तुला शहापुरात कोण देईल?"

"आये, बाव सगळ्यांची हाय."

"मासे कुणाचे? ते पण सगळ्यांचेच. सोड."

गौरी-गणपती झाले होते. बाव काठोकाठ, गुडघे टेकून कळशी बुडवावी इतकी. दुपारी सगळा पाडा शेतावर. आमी ओल्या गोणपाटात मासा नेला. पोरग्यानं गोणपाट पाण्यात धरलं, सोडलं. मासा आधी तसाच राहिला. मंग काठाकाठानं एक फेरा मारला, पुरा, कुठं न वाकता, आणि खाली गेला.

"वळला बघ," पोरगा बोलला. किती दिवसांनी त्याच्या तोंडावर हसू आलं.

मला पण बरं वाटलं. दुकानवाल्यानं उंचीचं काय सांगितलं ते मी ह्या कानांनी ऐकलेलं. आणि वैशाखातली खळगी मी ह्या पायांनी मोजलेली. तरी मी भादव्यातलं पाणी बघितलं. आमी कुणाला सांगितलं नाय. इचारलं असतं तर सांगितलं असतं, अशी मी मनाची समजूत घातली. कुणी कशाला इचारंल?

दिवाळीच्या सुमाराला बावीतली बेडकं गप झाली. पाऊस गेल्यावर पण आमच्या बावीत सांजच्याला बेडकं वरडतात, ती वरडंनात. मंग मळे मासे दिसायचे बंद झाले. भात झोडायच्या दिवसांत एक दिवड सापडली पाण्यावर, पाणसाप, निम्मीच. वरचा भाग होता, खालचा नव्हता.

माझी जाऊ माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, तोंडानं तिखट. ती एक दिवस दोर गुंडाळत आली.

"माझी बादली धरून ओढली गो कुणी."

"दगडाला अडकली असंल," मी बोलली.

"दगड सोडतो काय परत? ओढली, सोडली, परत ओढली. आसरा हाय खाली."

आसरा म्हंजे पाण्यातल्या बाया, त्यांना मान द्यायला लागतो. ह्या वर्षी मान चुकला, असं पाड्यात ठरलं. मंगळवारी बायांनी बावीच्या काठावर हळदकुंकू वाहिलं, हिरव्या बांगड्या ठेवल्या, नारळ दिला. मी पण वाहिलं. सगळ्यांच्या मधी बसून, खाली काय हाय ते ठाव असून, मी बांगड्या ठेवल्या आणि हात जोडले. आसरांनी मला काय केलं नाय. पण त्या दिवसापासून मला त्या बावीचं पाणी गोड लागलं नाय.

पोरगा अजून त्याला खायला घालायचा. कोंबडी कापली की आतडी घेऊन जायचा, कुणी नसताना. मी एकदा त्याच्या मागं गेली. त्यानं काठावर पाय आपटला, दोनदा. खालून मासा वर आला, डोकं माझ्या तळहाताहून रुंद झालेलं. आतडी पाण्याला लागायच्या आत गेली.

"पाय ओळखतो माझा," पोरगा बोलला.

"तुझाच ओळखतो, का कुणाचा पण?"

त्यानं पाय मागं घेतला. मंग माझ्या ध्यानात आलं. आमी त्याला शिकवलेलं, पाय वाजला की खायला मिळतं.

तुळशीचं लग्न झाल्यावर जावेच्या धाकट्या पोराचं लगीन झालं. पोरगी भातसानगरच्या पलीकडची, अंगानं बारीक, हसरी. मांडवात सगळी जेवत होती आणि मी उन्हाळ्याचे महिने मोजत होती. नवी सून आली. वर्षाची पहिली उतराई तिची. दोन दिवसांनी ती मला भेटली, पाया पडली, बोलली, "सासूबाय सांगतात, बावीत तुमच्यावाणी कोण उतरत नव्हतं. मला शिकवा." मी तिच्या पायांकडं बघितलं. जोडवी नवीन होती.

मी पोरग्याला बोलली, आता मासा काढायचा. त्यानं गळ टाकला, मासा गळ घेऊन दोर तोडून गेला. कुठनं तरी जाळं आणलं. जाळं खाली गेलं की तो कपारीत शिरायचा, पाणी अजून दोन पुरुष होतं. लोकांनी इचारलं काय करतोस, तर बोलला, बादली पडली. शेवटी मला बोलला, "पाणी उतरू दे, आये. उतरलं की हातानं धरीन."

पाणी उतरायची वाट बघायची म्हंजे बाया उतरायचीच वाट बघायची. ते त्याला कळलं नाय, आणि मला कळून मी गप राहिली. आमच्या माशानं चौदा घरांचं पाणी नासवलं, हे बोलायला तोंड उघडंना. रोज सकाळी मी काठावर जायची आणि दगड मोजायची. आज हा दगड उघडा झाला, उद्या खालचा. पाणी खाली जाईल तसा तो दिसायला लागला. आधी अधूनमधून, मंग सारखा. हवा खायला वर यायचा तवा गप्प असा आवाज यायचा, रिकाम्या बावीत मोठा वाटायचा. बाया आवाज ऐकून काठावरनं मागं सरायच्या. खाली अंधार, कुणी वाकून बघत नव्हतं.

चैत संपता संपता एका सकाळी जाऊ दोर घेऊन निघाली. मागं नवी सून, लुगडं खोचलेलं, कमरेला वाटी. पाच-सहा बाया. पोरगा तवा एका रोपवाटिकेत कामाला लागलेला, तो पहाटेच्या गाडीनं गेलेला. तो आदल्या दिवशी बोलला होता, रविवारी उतरतो. पाणी त्याच्यासाठी रविवारपर्यंत थांबलं नाय.

जावेनं सुनेच्या हातात हळदकुंकू दिलं. "पहिला पाय ठेवशील तवा आसरांना वाहा. घाबरू नको. आवाज आला तर बोल, मी सून हाय पाड्याची."

पोरीनं पहिल्या दगडावर पाय दिला. खालून आवाज आला. गप्प. ती हसली, पण दोर घट्ट धरला तिनं.

"थांब गो," मी बोलली. "वर ये. खाली आसरा नाय. मासा हाय."

"कसला मासा?" जाऊ बोलली.

"आमचा. माझ्या पोराचा. भादव्यात आमी सोडला. मी सोडायला लावला. मोठा झालाय, चावतो."

बाया माझ्याकडं बघत राहिल्या. जाऊ माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"म्हंजे आमी तुझ्या माशाला बांगड्या भरल्या?"

कोणतरी हसलं. जाऊ पण हसेल असं मला वाटलं. ती हसली नाय.

"तू पण भरल्यास," ती बोलली. "माझ्या बाजूला बसून भरल्यास. आणि माझ्या सुनेला खाली जाऊ देत होतीस."

"थांबवलं ना."

"आता. पाय खाली गेल्यावर."

 मी घरी गेली, डालं घेतलं, गोणपाट घेतलं. सून माझ्या मागं, आई नको, मी जाते बोलत. मी तिला दोर धरायला सांगितलं. सात वर्षांनी मी त्या दगडांवर पाय दिला. गुडघे वाजत होते. पायाला मात्र दगड ठाव होते, कुठला हालतो, कुठला निसरडा. वरच्या उजेडाची तबकडी ल्हान ल्हान होत गेली.

खळगी तशीच होती. लांबीला दोन हात, रुंदीला जेमतेम हातभर. पाणी मांडीला लागंल इतकं. त्यात तो मासा मावला होता, म्हंजे मावला होता एवढंच. डोकं ह्या कातळाला, शेपूट त्या कातळाला. वाकायला पण जागा नाय. नाकाचं हाड उघडं पडलेलं. मी दगडावर पाय टेकवला तसं त्यानं तोंड वर केलं. पाय वाजला ना. खायला आलं.

दुकानवाला डोळ्यापुढं आला. तो उभा राहून पोहतो काय, आजी?

डालं खाचरातल्या चिखलात बसतं. कातळावर बसत नाय. मी दाबलं, पण एका बाजूनं फट राहिली, आणि माझा डावा हात त्या फटीवर होता. दुखलं नाय त्या वेळी. कोणी बोट धरून झटका दिला असं वाटलं, आणि पाणी तांबडं झालं. उजवा हात वरच्या भोकात होता, तो त्याच्या डोक्यामागं पोचला. तिथं धरलं. ल्हानपणी शिकलेलं हाताला येतं. कसं गोणपाटात घातलं, किती वेळ लागला, मला सांगता येत नाय. वर बाया बोलत होत्या, काय बोलत होत्या ते पण ऐकू येत नव्हतं. "ओढा," एवढं मी बोलली.

मासा माझ्या आधी वर गेला. मी वर आली तवा तो काठावर गोणपाटात हालत होता आणि सगळ्या लांब उभ्या होत्या. जावेनं आपल्या पदराची चिंधी फाडली, माझं बोट करकचून बांधलं.  बांधून झाल्यावर नव्या सुनेला बोलली, "उतर आता. पाणी ढवळलंय, निवळू दे, मंग भर."

आणि पोरगी उतरली. तिचे पाय खळगीत गेले तवा मी काठाला धरून बघत होती.

दवाखान्यात शहापूरला टाके घातले. तिथली बाई इचारते, काय चावलं? मासा, मी बोलली. "समुद्रावर गेलेलात काय, आजी?" नाय, घरच्या बावीत. तिनं परत इचारलं, मी परत तेच सांगितलं.

पोरगा दुपारी निरोप मिळून आला तवा मासा जित्ता होता. गोणपाट ओलं होतं म्हणून. तो त्याच्या बाजूला उकिडवा बसला, त्याच्या घासलेल्या नाकाकडं बघत. मंग माझ्या हाताकडं बघितलं. घरातनं कोयता आणला. एकच घाव घातला. पाड्यात कुणी तो मासा शिजवायला घेतला नाय. ज्याला हळदकुंकू वाहिलं त्याला कोण खाणार? आंब्याखाली पुरला.

संध्याकाळी तो ओट्यावर बसला होता. मी बाजूला बसली आणि जे ज्येष्ठात इचारायचं ते इचारलं.

"दुसरा कुठं हाय?"



"मालकांनी सांगितलं सोडून दे. ह्या पेटीत दोन्ही नव्हते मावत."

"कुठं सोडलास?"

"धरणाच्या पाण्यात. मागच्या अंगाला." मंग बोलला, "तिथं त्याला जागा हाय, आये. तिथं वळता येईल त्याला."

मी टेकडीकडं बघितलं. धरणाचं पाणी पण उन्हाळ्यात मागं सरतं. सरलं की त्याच्या मागच्या अंगाला, कडेच्या चिखलात, डोंगराकडच्या वाड्यांतली माणसं कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून मासे धरतात. बाया, पोरी, सगळ्याच. पायानं चाचपून धरतात. मी बघितलंय.

हाताची पट्टी सुटायच्या आधी आमी दोघं गेलो. खर्डीच्या बाजूनं रिक्षा, मंग चालत. पाणी लांब गेलेलं, भेगा पडलेली जमीन, पुढं चिखल, त्याच्या पुढं माणसं. एक म्हातारा जाळं झाडत होता, त्याच्या घरातली चारपाच माणसं पाण्यात. पोरगा त्याला सांगायला लागला आणि त्याला नीट सांगता येईना. शेवटी मीच बोलली.

"बाबा, ह्या पाण्यात एक मासा हाय. जपून उतरा."

म्हातारा हसला. पाण्यातल्यांना ओरडून सांगितलं, "ऐकलंत काय रे? आजी सांगायला आली, धरणात मासा हाय." ती पण हसली. एक बाई बोलली, "आजे, असाच सांगत राहा गो, आमाला तर आज एक घावंना."

मी पट्टीचा हात वर केला. म्हाताऱ्यानं बघितलं. करंगळी आखूड दिसली, तवा त्याचं हसू गेलं. त्यानं जाळं खाली ठेवलं.

"केवढा हाय?"

मी दोन्ही हात पसरले, आमच्या बावीतला होता तेवढे. मंग मला आठवलं, आमचा तो बावीतला होता, पेटीत वाढला, खळगीत अडकला. त्याला वळायला मिळालं नव्हतं.

"एवढा होता त्याचा जोडीदार," मी बोलली. "हा इथला त्याच्याहून मोठा असंल."

म्हातारा पाण्याकडं वळला आणि एकेकाला नावानं हाका मारायला लागला, बाहेर या, बाहेर या. माणसं चिखलातनं पाय ओढत यायला लागली. सगळ्यात लांब असलेली बाई सगळ्यात हळू येत होती. मी तिच्या मागच्या पाण्यावर नजर ठेवून उभी राहिली, ती काठाला लागेपर्यंत.

नंतर कधी कुणाला काय झाल्याचं माझ्या कानावर आलं नाय. पण दर उन्हाळ्यात टेकडीवरून ते पाणी मागं सरताना दिसतं, आणि मी बघते, किती सरलं.

जाऊ माझ्याशी आता बोलते. पाळीच्या दिवशी अजून आधी मला इचारते, खाली बघितलंस काय? मी बघते, मंग पोरीला सांगते, उतर.